दारात वीज नव्हती तेव्हा

आमच्या पिढीने पूर्वी गाडीच्या दाराचा कधी विचारच केला नाही. दार उघडायचं, आत बसायचं, ओढून घ्यायचं, नीट लागलं नाही असं कुणी ओरडलं की पुन्हा उघडून दणकून आपटायचं, एवढाच काय तो संबंध. आज त्याच दारावर आम्ही अर्धा तास बोलू शकतो, आणि बोलतोही. काच अर्ध्यात अडकते. रिमोट तीन दारं लावतो आणि चौथं विसरतो. चारही दारं घट्ट लावली तरी डॅशबोर्डवर उघड्या दाराचा तांबडा दिवा जळत राहतो. सेकंड हँड गाडी घेतलेली चार माणसं एकत्र जमली की हल्ली मायलेजच्या आधी दाराचा विषय निघतो आणि त्याचा समारोपही ठरलेला असतो: 'पूर्वीच्या गाड्या बऱ्या होत्या बुवा. हँडल फिरवलं की काच खाली.' हे वाक्य आमचं इतक्यांदा म्हणून झालं आहे, की आता ते एकदा तपासून बघायला हरकत नसावी.

तेव्हाच्या दारात होतं तरी काय? एक काच, ती उचलणारी मशीन, एक कुलूप आणि उरलेली सगळी पोकळी. मुंबईत 'डुक्कर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या फियाटची पुढची दारं तर उलटी उघडायची, कारण बिजागऱ्या मागच्या बाजूला. चालत्या गाडीत असं दार सुटलं की वारा ते लोटून लावायच्या ऐवजी सताड उघडायचा. नंतरची पद्मिनी शहाणी झाली, तिच्या बिजागऱ्या पुढे आल्या. तिला पुढे एक तिकोनी काच होती. ती तिरकी केली की वारा थेट तोंडावर. अँबॅसेडर घ्या, पद्मिनी घ्या, नाहीतर डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० घ्या, दारातलं सगळं हाताने चालायचं. विजेचा संबंध आलाच तर चौकटीतल्या एका खटक्याशी. दार उघडलं की खटका बाहेर येई आणि छतातला दिवा लागे. निदान लागावा अशी अपेक्षा असे. या दारांत विजेचा बिघाड होत नसे हे अगदी खरं. पण जिथे वीजच नाही तिथे विजेचा बिघाड कुठून होणार? त्यात त्या गाड्यांची थोरवी ती काय?

आता दहा-बारा वर्षं वापरलेल्या, मध्यमवर्गीय, साध्या गाडीचं दार खोलून बघा. काचेची मोटर आहे. कुलूप ओढणारी दुसरी छोटी मोटर आहे. कुलपाच्या पोटात दार लागलं की नाही हे सांगणारा चिमुकला स्विच आहे. आरसा फिरवणारी मोटर आहे, स्पीकर आहे, आणि ड्रायव्हरच्या दारात चारही काचांची बटणं आहेत. या सगळ्यांच्या वायरींचा जुडगा भात्यासारख्या वळ्यावळ्यांच्या रबरी नळीतून बॉडीत शिरतो. बिजागरीच्या शेजारची ही नळी दार उघडताना ताणली जाते, लावताना दुमडते, आणि गाडीच्या जन्मापासून हे चालू असतं. पूर्वी दार म्हणजे गाडीचा सगळ्यात निर्बुद्ध भाग होता. आज त्याच्याकडे स्वतःची मतं आहेत.

आणि हे आमच्यावर कुणी लादलेलं नाही. आम्हीच मागून घेतलं. १९९८ च्या अखेरीस आमच्या पिंपरीत बनलेली इंडिका आली, तेव्हा वरच्या मॉडेलमधलं काचेचं बटण आम्ही इंजिनाच्या आधी दाबून पाहिलं. ज्यांच्या गाडीला हँडल होतं त्यांनी बाहेरून किट बसवून घेतलं: दोन मोटरी, दोन बटणं आणि डॅशबोर्डखालून ओढलेल्या वायरी. सिग्नलला आपली काच सरसर खाली जाताना शेजारच्या गाडीतल्याने पाहावं, एवढीच माफक इच्छा. हँडल फिरवणारा हात तेव्हा कमीपणाचा वाटायचा. आज तोच हात आठवून डोळे पाणावतात. अशा डोळ्यांवर फार विसंबू नये.

तरीही त्या हँडलचं काहीतरी होतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत चार दारांत मिळून एखादंच हँडल शाबूत असायचं आणि ते ड्रायव्हरकडे असायचं. पावसाची सर आली की मागून आवाज जायचा, 'भाऊ, जरा हँडल द्या.' मग ते झिजलेल्या दांड्यावर बसवायचं, तळव्याने दाबून धरायचं, काच चढवायची आणि शेजारच्याकडे द्यायचं. तोवर निम्मी मांडी भिजलेली असायची, पण टॅक्सीतल्या सगळ्यांची ओळख झालेली असायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीला निरोप दिला गेला, तेव्हा तिच्याबरोबर हँडल फिरवण्याचा नव्हे, हँडल फिरतं ठेवण्याचा हा रिवाजही गेला.

दुसरा रिवाज कुलपाचा. वडील आधी किल्लीने आपलं दार उघडणार, आत बसणार, मग अंग वळवून, हात लांब करून एकेका दाराचं बटण वर ओढणार. आम्ही बाहेर उन्हात उभे, दाराची मूठ खेचत. आतून बटण वर आणि बाहेरून मूठ खेचलेली असं एकदम झालं की कुलूप उघडायचंच नाही. 'सोड आधी! सोड म्हणतो ना!' असं आतून ऐकू यायचं. मग आम्ही सोडायचो, वडील ओढायचे, आणि नेमकं त्याच क्षणी आमच्यातलं कुणीतरी पुन्हा खेचायचं. गाडी हलायच्या आधी कुटुंबाचा एकमेकांशी असा संवाद होत असे.

आता किल्लीचं बटण दाबलं की टुक असा आवाज, चारही दारं एकदम मोकळी, कुणी कुणासाठी थांबायला नको. हे वाईट आहे का? पावसात छत्री बंद करत उभ्या असलेल्या माणसाला विचारा. खांद्यावर झोपलेलं मूल घेऊन उभ्या असलेल्या आईला विचारा. आणि त्या जुन्या कुलपांची सुरक्षितता म्हणाल, तर काचेच्या रबरातून पोलादी फूटपट्टी आत सरकवली की बऱ्याच गाड्या उघडत. किल्ली आत राहिलेल्या सभ्य गृहस्थाला ही गोष्ट जितकी सोयीची, तितकीच चोरालाही. आमच्या आठवणीत मात्र फूटपट्टी घेऊन मदतीला आलेले शेजारीच राहिले आहेत. चोर कुणाला आठवत नाहीत.

जुनी गाडी घेणं तेव्हा हौस नव्हती, इलाज होता. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. ज्यांना तेवढा धीर नव्हता ते वापरलेली घेत. बघायला जाताना एक मेकॅनिक आणि एक काका लागत. मेकॅनिक सायलेन्सरच्या धुराकडे बघे. काका दार लावून बघत. एकदा हळू, एकदा जोरात, आणि कान देऊन. पत्र्याचा भरीव आवाज आला तर मान डोलावत, खडखड आली तर 'हं' म्हणत. खिशातून लोहचुंबक काढून दाराच्या खालच्या कडेला लावत; चिकटला नाही तर आत पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. सौदा ठरला की विकणारा चहा मागवी आणि गाडीच्या खोडी सांगायला बसे. 'डावं मागचं दार जरा उचलून लावायचं.' 'पावसाळ्यात या काचेच्या फटीत काडेपेटीचा पुठ्ठा खोचा, खडखड थांबते.' आरसी बुकाबरोबर या खोडीही नव्या मालकाच्या नावावर होत असत.

आज गाडीबरोबर तपासणीचा अहवाल येतो. पानंच्या पानं, प्रत्येक भागापुढे हिरवी खूण, फोटो, तारीख. काकांच्या 'हं'पेक्षा हे शंभर पटीने बरं, कारण काका अनेकदा चुकत. पण अहवालातली 'पॉवर विंडो: ठीक' ही खूण म्हणजे कोरड्या दिवशी, उभ्या गाडीत, कुणीतरी बटण दाबलं आणि काच हलली, एवढंच. ती काच जुलैत हलेल का, दार अर्धवट उघडं असताना हलेल का, वर जाताना दमेल का, हे त्या खुणेत मावत नाही. आधीच्या मालकाला ते ठाऊक असतं. पण तो आपल्याला भेटतच नाही. त्याने बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉकिंग, नंतर काढून टाकलेले स्पीकर, उन्हाने चिकट होऊन सुटलेल्या टेपखालचे पिळून दिलेले जोड, हे सगळं दाराच्या पोटात ठेवून तो निघून गेलेला असतो. पूर्वी खोडी तोंडी मिळायच्या. आता त्या खणून काढाव्या लागतात.

खणून काढण्याचं काम पूर्वी रस्त्यावर चालायचं. वायरमन यायचा तो सायकलवर, पिशवीत पकड, पेचकस, डाख द्यायची इस्तरी आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, तर इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला दाभण. चिमटा बॉडीच्या पत्र्याला लावायचा, दाभण संशयित वायरीला टोचायचं. बल्ब लागला की वीज इथपर्यंत आहे, नाही लागला की नाही. शास्त्र एवढंच. दार खोलायचं असेल तर हँडलच्या मागची तारेची क्लिप आधी काढावी लागे. वायरमन फडक्याची चिंधी हँडलच्या मागे घालून दोन्ही टोकांनी घासल्यासारखी इकडून तिकडे ओढी. क्लिप टण्णकन उडे आणि मग आजूबाजूचे सगळे वाकून तिचा शोध घेत. मारुती ८०० ची ती क्लिप शोधण्यात किती बालपणं कामी आली असतील!

आमचं काम बॅटरी धरण्याचं. दोन सेलची पत्र्याची बॅटरी, वायरमनच्या खांद्यावरून प्रकाश नेमका त्याच्या बोटांवर पाडायचा. 'इकडं धर.' 'माझ्या डोळ्यांत नको.' 'हलवू नकोस.' समोरच्या इमारतीतले निवृत्त गृहस्थ येऊन 'अर्थिंगचा प्रॉब्लेम असणार' असं सांगून जात. आणि आश्चर्य म्हणजे बऱ्याचदा तो अर्थिंगचाच असे. दुरुस्ती झाली की छतातला दिवा लागे आणि तो आम्ही लावला असं आम्हाला वाटे.

हे सगळं रम्य आहे, पण त्याचे परिणाम फार रम्य नव्हते. बिघाड सापडेना तेव्हा वायरमन 'डायरेक्ट' करून देई, म्हणजे फ्यूजला वळसा घालून वीज सरळ बॅटरीवरून. पद्मिनीचे चिनी मातीचे फ्यूज उडाले की त्यांच्यावर सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळून काम चालवलं जाई. फ्यूज उडायचं थांबे. त्याऐवजी वायर तापायला लागे. प्लॅस्टिक जळल्याचा वास आला की काचा खाली करून 'बाहेरून येत असेल' असं म्हणायची पद्धत होती. कितीतरी गाड्यांच्या डॅशबोर्डखालून धूर निघाला, काही जळल्याही. पण ज्याला आम्ही आज कल्पकता म्हणतो तिच्यामुळेच त्या जळल्या, हे आठवणी सांगताना गाळलं जातं. दाभणाने टोचलेल्या वायरीत पावसाचं पाणी शिरून पुढच्या वर्षीचा बिघाड तिथेच तयार होई, तेही गाळलं जातं.

आज वायरमनच्या हातात मल्टिमीटर आहे, आणि दाभण टोचण्यावर बंदी आहे. बंदी योग्यच, कारण आजच्या दारातल्या काही वायरींतून मोटरला ताकद जात नाही, नुसता निरोप जातो. १९८६ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने गाडीतल्या निरनिराळ्या यंत्रांनी दोनच तारांवर एकमेकांशी बोलावं अशी पद्धत जगापुढे मांडली. तिचा वंशविस्तार आज साध्या गाड्यांपर्यंत पोचला आहे. अशा निरोपाच्या वायरीला इंडिकेटरचा बल्ब जोडला तर निरोप घेणारं यंत्रच कामातून जायचं. पण मोटरच्या जाड वायरीपाशी मात्र जुन्या बल्बची किंमत कळते. समजा, वायरीच्या आतल्या तांब्याच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एक उरली. मोटर सोडवून मोकळ्या टोकांना मीटर लावला तर तो खुशाल बारा व्होल्ट दाखवतो, कारण त्याला स्वतःला वीज जवळजवळ लागतच नाही. मोटरला मात्र पाच-सहा अँपिअर हवे असतात, ते त्या एका तारेतून जात नाहीत. तिथे चांगला दांडगा बल्ब लावला तर तो मिणमिणतो आणि खोटं उघडं पडतं. जाणता वायरमन मीटरनेही हे पकडतो: मोटर जोडलेली ठेवून, बटण दाबून धरून मोजतो. म्हणजे दोष मीटरचा नाही, मोजण्याच्या घाईचा. तरी एक कबूल करायला हवं: बल्बला घाई जमतच नव्हती.

पूर्वी जिथे दुखायचं तिथेच दुखणं असायचं. डावी काच अडकली तर डाव्या दारातली मशीन वाकलेली. आता तसं नाही. पुष्कळ गाड्यांत डाव्या काचेची वीज परतीच्या वाटेवर ड्रायव्हरच्या दारातल्या मुख्य बटणातून जाऊन अर्थला मिळते. ते मुख्य बटण मोकळं असताना आतून जोडलेलं असलं पाहिजे. ड्रायव्हर पावसात काच उघडी ठेवतो, त्या बटणात पाणी जातं, आतल्या तांब्यावर हिरवा कळंक चढतो आणि संपर्क तुटतो. मग डाव्या दारातलं बटण कितीही दाबा, डावी काच हलत नाही. लोक डावी मोटर बदलतात. नवी मोटरही हलत नाही. तेव्हा ती परत करायला दुकानात जातात आणि विजेचे भाग परत घेतले जात नाहीत ही पाटी वाचतात.

दाराच्या खोट्या दिव्याची कथा याहून अजब. कुलपातला चिमुकला स्विच बिघडला की गाडीची समजूत होते, दार उघडं आहे. मग दिवा जळतो, रिमोट ऐकत नाही, आणि गाडी झोपी जात नाही. आजची गाडी बंद केल्यावर लगेच बंद होत नाही. तिचे मेंदू एकेक करून मिटत जातात, आणि अर्ध्या तासाने सगळं शांत झालं की बॅटरीतून जेमतेम पन्नास मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी वीज जात असावी अशी अपेक्षा असते. दार उघडं वाटलं की मेंदू जागाच राहतो आणि चार दिवस उभी राहिलेली गाडी पाचव्या दिवशी सुरू होत नाही. ही गळती शोधणारा वायरमन काय करतो, ते बघण्यासारखं आहे. त्याला मीटरसाठी दार तर उघडं हवं, पण गाडीला ते बंद वाटायला हवं. तो पेचकसाचं टोक उघड्या दाराच्या कुलपात घालून आतला आकडा फिरवतो. खट्, खट्. दार उघडं, आणि गाडीच्या लेखी बंद. मग तो पायरीवर बसून तिला झोप लागायची वाट बघतो. काही विचारलं तर हलक्या आवाजात बोलतो. तशी गरज नसते, पण बोलतो.

स्कॅनरने हे सगळं एका मिनिटात सांगावं अशी आमची अपेक्षा असते. आपल्याकडे २०१३ पासून गाड्यांना स्वतःच्या धुराची तपासणी करून दोष सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली, आणि फोनला जोडता येणारे स्वस्त स्कॅनर घरोघर आले. पण ती सक्ती धुरापुरती. दोषांच्या क्रमांकांत 'पी' अक्षराचे इंजिनाकडचे, 'बी'चे बॉडीचे. स्वस्त स्कॅनर बहुधा 'पी' वाचून थांबतो. दाराचा दोष 'बी'त. तो वाचायला त्या गाडीची भाषा जाणणारा महागडा स्कॅनर लागतो, आणि तोही सांगतो ते इतकंच: मागच्या डाव्या दाराचा संपर्क नाही. का नाही, ते त्याच्या कक्षेबाहेरचं. समोरच्या इमारतीतले गृहस्थ निदान 'अर्थिंग' तरी म्हणायचे.

तरी जुन्या-नव्याच्या या हिशेबात एक तारीख अशी आहे की तिथे विनोद थांबतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबईचे रस्ते बुडाले, आणि बंद गाड्यांत अडकून माणसं गेल्याच्या बातम्या आल्या. काच उतरेना, कुलूप सुटेना. त्यानंतर कित्येकांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली. काही गाड्यांत ती अजून सीटखाली आहे. हँडलच्या बाजूने बोलायचं तर हा एकच मुद्दा पुरे आहे. पण पाण्याचा दाब दारावर बाहेरून आला की हातानेही दार लोटत नाही, आणि जुन्या दाराच्या कुलपाने वळणावर दगा देऊन आतलं माणूस बाहेर टाकल्याच्या गोष्टीही आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत. त्या गोष्टींची तारीख कुणी लक्षात ठेवली नाही, एवढाच फरक.

पावसाचं आणखी एक सांगायचं तर दाराच्या आत पाणी शिरतंच, तेव्हाही शिरायचं. ते काचेच्या रबरापासून खाली उतरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. जुन्या दारात भोकं चिखलाने बुजली की पत्रा सडे. नव्या दारात पाणी साचून वायरींच्या कपलरपर्यंत पोचतं. नव्या दारात आतल्या पॅडमागे एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो पाणी माणसांकडे आणि वायरींच्या जोडांकडे येऊ देत नाही. कुणीतरी एकदा स्पीकर बसवताना तो टराटरा फाडतो आणि नंतर लावत नाही. पुढे त्या दारात जे जे होतं, त्याचं खापर 'हल्लीच्या गाड्यां'वर फुटतं. तो कागद फाडणारा हात मात्र बहुधा आमच्याच वयाचा असतो, 'त्याची काय गरज?' असं म्हणत.

आणि एवढं सगळं करून बिघाड सापडतो कुठे? बरेचदा त्या रबरी नळीत. दार वर्षानुवर्षं उघडझाप करून आतल्या तारा दमतात. बाहेरचं प्लॅस्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. दार एका विशिष्ट कोनात धरलं की टोकं चिकटतात आणि काच चालते. पुरतं लावलं की बंद. ओळखायचा उपाय साधा आहे: एकाने काचेचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने दार हळूहळू उघडायचं-लावायचं. काच मध्येच दचकली की जागा सापडली. मग नळी खाचेतून सोडवायची, मागे सरकवायची आणि एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढायची. जी लवचीकपणे लांबते, ती गेली. वीतभर नवी वायर घालायची, डाख द्यायचा, वरून तापवून आक्रसणारी नळी चढवायची. इथे स्कॅनर नाही, निरोप नाही, मेंदू नाही. वाकून वाकून तांबं तुटतं, हे १९६० मध्येही असंच होतं.

तेव्हा 'हल्लीच्या गाड्या दुरुस्तच करता येत नाहीत' हे आमचं आवडतं वाक्य खोटं आहे. करता येतात. करणारी पोरंही आहेत. पुण्याच्या नाना पेठेच्या आसपास अशी पंचविशीतली पोरं दिसतात की जी मोबाइलवर वायरिंगची आकृती मोठी करून बघतात आणि वडिलांकडून आलेल्या इस्तरीने डाख देतात. वडिलांना जे दाभण टोचून कळायचं, ते मुलाला रंग वाचून कळतं: पांढऱ्यावर निळी रेघ, पिवळ्यावर काळी. वडिलांपेक्षा त्याला जास्त येतं, आणि तो 'डायरेक्ट' करून देत नाही.

बदललं आहे ते आमचं उभं राहण्याचं ठिकाण. मोठ्या वर्कशॉपमध्ये आम्ही काचेपलीकडच्या गार खोलीत कॉफी घेत टीव्ही बघतो, आणि छोट्या गॅरेजात गाडी टाकून 'झालं की फोन कर' म्हणून निघून जातो. आम्हाला वेळ नसतो, असं आम्ही म्हणतो. मग संध्याकाळी तोच वेळ जुन्या हँडलच्या आठवणीत घालवतो. खरं तर तेव्हाही गाडीतलं आम्हाला काही कळत नव्हतं. वायरमनला कळत होतं, काकांना कळल्यासारखं वाटत होतं, आणि आम्ही बॅटरी धरून उभे होतो. ती एवढीच आमची विद्या. गाडीला संगणक आला, दाराला मेंदू आला, वायरमनच्या हाती मीटर आला; पण एका हाताने रबरी नळी मागे धरून दुसऱ्या हाताने तुटकी तार ओढताना त्याला आजही तिसरा हात नाही. मोबाइलचा दिवा नीट त्याच्या बोटांवर धरायचा, डोळ्यांत पाडायचा नाही, आणि अधूनमधून 'अर्थिंग असेल का रे?' असं विचारायचं. जागा रिकामी आहे, अनुभवाची अट नाही, आणि उमेदवार आम्ही जुने आहोत.